मंगळवारी मेलेला माणूस

ऑर्विल टटल त्या आठवड्यात चार वेळा मेला होता. चित्रपटातल्या दोन्ही जहाजांवर तीच चाळीस माणसं. दाढी लावली की समुद्री चाचे, काढली की स्पॅनिश शिपाई. त्यामुळे सोमवारच्या ऑर्विलला मंगळवारच्या ऑर्विलनेच भोसकलं होतं.

मरण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण अकरा चित्रपटांत तो नेमका बायको मक्याच्या लाह्या आणायला उठली की मरायचा. "तू खरंच असतोस ना रे सिनेमात?" लव्हीनिया हल्ली विचारू लागली होती. या वेळी शेवटच्या दृश्यात जिवंत दिसायचंच, असं तिला वचन देऊन तो शुक्रवारी स्टुडिओच्या हौदातल्या जहाजावर चढला.

कोण कधी, कोणत्या दाढीत मेलं याची नोंद ठेवणाऱ्या मिस हॅस्केलने त्याला शिडीवरच गाठलं.

"मिस्टर टटल, तुम्ही मंगळवारी मेलात."

"तो माझा जुळा भाऊ, बाई."

"तो बुधवारी मेला."

"मग मी नुसता जखमी असेन."

"मुंडकं उडवलं होतं तुमचं! उतरा खाली."

तेवढ्यात कुणीतरी वाऱ्याचा पंखा वेळेआधीच सुरू केला. जहाज सरकलं आणि पुठ्ठ्याच्या जमैकावर जाऊन आदळलं. जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या लाकडी जलपरीचे दोन तुकडे झाले.

"ऊन चाललंय!" दिग्दर्शक क्रांट्झ ओरडला. "मला परी पाहिजे! आत्ता!"

ऑर्विलने हात वर केला. "साहेब, मी अजिबात हलत नाही. आठवडाभर तोच सराव चाललाय."

वीस मिनिटांत त्याला सोनेरी रंग, कमरेपर्यंत केस आणि शेपटी मिळाली. मिस हॅस्केलने वही तीनदा चाळली. परी कुठेही मेलेली नव्हती.

नायकाने नायिकेचं चुंबन घेतलं, लाट म्हणून चार बादल्या पाणी उडालं आणि परी शिंकली. चुंबनावरून कुणाची नजर हटली नाही. मिस हॅस्केलची हटली. पण तिने वही मिटून पेन्सिल कानामागे खोचली.

सहा महिन्यांनी थिएटरात लव्हीनिया लाह्यांसाठी एकदाही उठली नाही. परी शिंकली आणि ती खुर्चीवरच उभी राहिली.

"तोच! घरीही अस्साच शिंकतो! माझा नवरा! जिवंत आहे!"

"कोण, तो हीरो?" मागच्या बाईने हेव्याने विचारलं.

"हीरो कसला! त्याच्या खालची ती सोनेरी बाई!"