विमलबाईंच्या पेटीतली कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. साठ मिनिटांची, पेणच्या दुकानात घेतलेली. सध्या मुक्काम रोह्याजवळ वरसे गावात, विमलबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घड्यांखाली. डांबरगोळ्यांच्या वासानं जीव नुसता घुसमटतो हो!

माझी मालकीण सुरभी, विमलबाईंची सून. सत्त्याण्णव साली ती पत्रद्वारा एम.ए. करत होती. विद्यापीठानं तिघातिघांचे गट पाडले. प्रकल्प एक, मार्क तिघांना सारखे. सुरभीच्या गटात वडखळची दिपिका आणि डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करणारा हितेश. तिघं आयुष्यात एकदाच भेटलेली. मग काय, मला जुंपलं कामाला! एकानं माझ्यात बोलायचं, गोविंदा कंडक्टरच्या हाती एसटीनं धाडायचं, दुसऱ्यानं ऐकून पुढचं बोलायचं. शेवटी सगळं कागदावर उतरवायचं सुरभीनं, कारण अक्षर तिचंच बरं. विषय खाडीकाठची मिठागरं.

हळूहळू मिठागरांच्या मधे गप्पा शिरल्या. दिपिका सर्दीचं रडगाणं गायची, हितेश साहेबाच्या नकला करायचा. इकडे सुरभी एकटीच खुदुखुदु हसायची. तेच नडलं.

"ह्यो बाप्या कोन गो, तुला नावानं हाक मारतो?" विमलबाईंनी विचारलं.

"आई, अभ्यासातला आहे."

"अभ्यासात हसतात व्हय?"

झालं! दुसऱ्या दिवशी मी पेटीत आणि किल्ली विमलबाईंच्या कमरेला. सुरभीनं घर पालथं घातलं. "आई, कॅसेट पाहिलीत का? सोमवारी प्रकल्प पाठवायचाय, नाहीतर तिघंही नापास."

"मला काय ठाव? हरवली असंल." बाई तांदूळ निवडत राहिल्या.

सुरभी पाण्याला गेली तशी बाईंनी मला काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातलं. बाप्या काय बोलतो ते ऐकायचं होतं. सुरभी दोन बटणं एकदम दाबते, एवढं त्यांनी पाहिलेलं. त्यांनीही दाबली, लाल धरून. अहो, त्यानं ऐकू येत नाही, माझ्यात भरलं जातं! हितेशचं अख्खं मिठागर पुसलं गेलं. मी ओरडणार कशी?

"बोल की रं मेल्या," बाई म्हणाल्या. टेपरेकॉर्डरला एक चापटही मारली. मग हळूच, "शिकू दे तिला, नाय कोन म्हनतो? पन पोरगा मुंबैला. ही बी नोकरीला गेली, म्हंजे दिवसभर मी कोनासंग बोलू?" त्यांनी नाक ओढल्याचा आवाजही माझ्यात आहे.

गोविंदाकडून सुरभीचा निरोप मिळाला, तशी रविवारी हितेश आणि दिपिका थेट दारात उभी. ओटीवर बसून तिघांनी सगळं पुन्हा सांगितलं, लिहिलं, भांडली, हसली. विमलबाईंनी तीनदा चहा दिला. हितेशनं "काकी" म्हटल्यावर चौथ्यांदाही. मला मात्र पेटीतून काढलं नाही. हरवली म्हणून बसलेल्या, आता कुठल्या तोंडानं देणार? माझ्यावाचून त्या तिघांचं अडलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तिघं पास झाली. सुरभी आता पेणला शिकवते, सकाळच्या एसटीनं जाते. घर दिवसभर गप्प. दुपारी विमलबाई पेटी उघडतात, माझ्यावरून हात फिरवतात आणि परत ठेवतात. लावत नाहीत. मी बिघडलेय असं त्यांना वाटतं. मग पुन्हा कुलूप.

सुरभी, एकदा किल्ली माग गो. मी सापडले म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. मला लाव, आणि एकच बटण दाब. तुझ्या सासूनं तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, ते माझ्या पोटात अडकून पडलंय.