बाहेर जायचं बटण

"ते हिरवं बटण नकोच आम्हाला," मॅनेजर खालून म्हणाला.

दारवाली शिडीवर होती. तोंडात दोन स्क्रू, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि डोक्यावर दोन्ही हातांनी तोलून धरलेला, दार धरून ठेवणारा विजेचा मॅग्नेट. काचेच्या दाराच्या चौकटीला तो टेकवून तिने आधी एक स्क्रू पिळला, मग दुसरा. तोंड मोकळं झाल्यावर विचारलं, "का नको?"

"आत येताना कार्ड, बाहेर जातानाही कार्ड. एकेकाचं बूड खुर्चीवर ठरत नाही हो. चहाला जातो, फोनला जातो, नुसतंच हवा खायला जातो. जरा कळू दे तरी कोण किती वेळा पळतो ते."

"कार्ड ठेवा की. दोन्हीकडे ठेवा. पण बटणही राहील. सावकाश जाणारा कार्ड दाखवेल, घाईत असेल तो बटण दाबेल."

"मग सगळेच घाईत असतील!"

दारवालीला हसू आलं. शिडी हलली, तशी मॅनेजरने ती पटकन धरली. माणूस वाईट नव्हता. वरून कुणी त्याला दाबत होतं, म्हणून तो खाली दाबत होता, पाण्याच्या पाइपासारखं. तिला अशी माणसं प्रत्येक इमारतीत भेटत.

"साहेब, उद्या इथं धूर झाला," ती म्हणाली, "तर माणूस खिसे चाचपत बसेल का? कार्ड टेबलावर राहिलं असेल, पर्समध्ये असेल, घरी विसरलं असेल. येणाऱ्याला आपण अडवू. तू कोण, कुठला, काय काम, सगळं विचारू. पण जाणाऱ्याला विचारायचं नसतं. दाबलं बटण, सुटलं दार."

"तुम्ही दारं बसवता की वकिली करता?"

"दारंच बसवते. माझ्या उस्तादांनी ड्रिल हातात द्यायच्या आधी हे शिकवलं. बटण नसेल तर मी वीज जोडत नाही."

मॅनेजरने डोकं खाजवलं. "वरच्यांना काय सांगू मी?"

"सांगा, दारवाली ऐकत नाही."

"ते तर खरंच आहे," तो म्हणाला, आणि शिडी धरून उभा राहिला.

हे नाव तिला इमारतींनीच दिलं होतं. 'ती दारवाली आली का?' असं पहारेकरी एकमेकांना विचारत, आणि ती आलेली असे. बँका, दवाखाने, गोदामं, कचेऱ्या; शहरातल्या कितीतरी दारांना तिचा हात लागला होता. मुठीएवढी तिची चण, पण तिने लावलेला मॅग्नेट दोन पैलवानांना हलत नसे. आणि वीज गेली की तोच मॅग्नेट आपसूक सुटे, जशी झोपलेल्या माणसाची मूठ सुटते. तिला त्यातलं तेच आवडायचं. धरायचं तेव्हा घट्ट धरायचं, सोडायचं तेव्हा कुरकुरायचं नाही.

बटणाची वायर ती जोडत होती तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"आई पुन्हा बाहेर निघून गेली होती."

तिचा हात थांबला. "सापडल्या?"

"सापडली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने आणून सोडली. गुडघा फुटलाय. ट्रकच्या पुढे गेली होती गं, तो म्हणाला, चाकापाशीच." मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझा डोळा लागला होता."

"येते मी," ती म्हणाली.

नवरा छापखान्यात पहाटपाळीला जायचा. दुपारी घरी आला की त्याच्या पापण्यांवर शिशाचं वजन असायचं. तोवर शेजारीण सासूपाशी बसे, मग ती आपल्या घरी जाई. आणि नेमकी ऊन कललं की म्हातारीच्या पायांना वाट फुटायची. कुठं जाते, विचारलं तर सांगता येत नसे. गेली म्हणून रागावलं तर "मी? कधी?" असं इतक्या निर्मळ तोंडाने विचारायची, की रागावणाऱ्यालाच लाज वाटावी.

घरी आली तेव्हा सासू खाटेवर बसून स्वतःच्या गुडघ्यावरची पट्टी कुतूहलाने बघत होती, कुणा दुसरीचाच गुडघा असल्यासारखी. नवरा दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता.

"किती दिवस म्हणतोय मी," तो म्हणाला. "अख्ख्या दुनियेच्या दारांना कुलपं लावत फिरतेस. आपल्या एका दाराला लावता येईना तुला?"

"बाहेरून कडी घालू का? कोंडून ठेवू का त्यांना?"

"कडी नको. तुझं ते लाव. तुझ्या गळ्यात कार्ड, माझ्या गळ्यात कार्ड. तिला कळणारही नाही कोंडलंय म्हणून. वाटेल, दार जाम झालंय."

"अहो, पण..."

"पण काय?" त्याचा आवाज चढला नाही, फाटला. "शिंपी नसता तर आज आपण कुठं असतो? सांग ना. तुझा तो नियम हातात धरून कुठं उभे असतो?"

उस्तादांनी धुराचं शिकवलं होतं, चाकाचं शिकवलं नव्हतं. बाहेर जाणाऱ्याला विचारायचं नसतं, खरं. पण बाहेर जाणाऱ्यालाच आपण कुठं निघालो ते ठाऊक नसेल तर? ती रात्रभर कूस बदलत राहिली, आणि सकाळी चहा गाळताना म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी लावते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने हत्यारांची पिशवी घरातच उघडली. जुन्या कामातला एक छोटा मॅग्नेट तिच्याकडे पडून होता. काम सोपं होतं, फक्त उलटं करायचं होतं. नेहमी कार्ड वाचणारी पेटी बाहेरच्या भिंतीवर आणि बटण आतल्या. इथं पेटी आत लावायची, बटण लावायचंच नाही. बाहेरून साधी मूठ फिरवली की दार उघडेल. आतून मात्र कार्डाशिवाय नाही.

नवरा म्हणाला, "दूध आणतो, जरा चालून येतो," आणि निघून गेला. त्याला ते बघवणार नव्हतं, हे तिला कळलं. सांगणाऱ्याला सांगून मोकळं होता येतं. करणाऱ्याला शिडीवर चढावं लागतं.

सासू शिडीच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसली. तिच्या ओंजळीत दारवालीने स्क्रू दिले होते. मागेल तसा एकेक स्क्रू ती वर करायची, फूल द्यावं तसा, दोन बोटांत धरून.

"हात चांगला आहे हो तुझा," ती म्हणाली. "कुठं शिकलीस?"

"इथंच, आई. याच गावात."

"आई म्हणतेस?" म्हातारी खूश झाली. "म्हण, म्हण. कुणी म्हटलं तर बरंच वाटतं."

ड्रिल घरघरलं, लाकडाचा भुसा उडाला. सासूने तो पदरात झेलला, आणि त्या घरघरीच्या तालावर हलकेच गाऊ लागली,

"घराला गं हवं दार, दाराला गं हवी कडी..."

तिथंच अडली. पुढचं पाऊल सापडेना. पुन्हा पहिली ओळ म्हटली, पुन्हा तिथंच येऊन थांबली, अंधारात जिना चाचपणाऱ्या माणसासारखी.

"जाऊ दे," शेवटी स्वतःच म्हणाली. "अर्धी तर अर्धी. हा घे स्क्रू."

दारवालीचे डोळे भरून आले. डोळे भरले म्हणून काम थांबत नाही. हातांना काम पाठ होतं. तिने ते त्यांच्यावर सोपवलं आणि आपण मनाने दुसरीकडेच गेली. या घरात नवी असताना सासूने तिला पहिल्यांदा हाक मारली होती ती 'अगं पोरी' अशी. आता ती हाकही पुसली गेली होती. हात वायरी सोलत होते, जोडत होते, टेप गुंडाळत होते. वीज सुरू केली. वर मॅग्नेट हलकेच गुणगुणला आणि दाराने चौकट धरली. तिने पिशवी आवरली, भुसा झाडला, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"अगं, हे काय केलंस?" बाहेरून नवरा ओरडला. "उघडत नाहीये! मूठ फिरतेय नुसती. आणि ही पेटी बाहेर कशी?"

दारवाली ग्लास तसाच ठेवून धावली. पण तिच्या आधी सासू उठली होती. दाराशेजारी, हाताच्या उंचीवर, भिंतीवर एक हिरवं बटण होतं. म्हातारीने ते क्षणभर बघितलं आणि हिरवं दिसलं म्हणून दाबलं. टक् झालं. दार अलगद सुटलं.

"या, या," सासू दुधाची पिशवी घेतलेल्या आपल्या लेकाला म्हणाली. "कोण पाहिजे तुम्हाला?"

तो बघतच राहिला. बाहेर कार्डाची पेटी, आत बटण. नेहमीसारखं. शेकडो दारांना लावलं होतं तसं. दारवालीने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मालकिणीला न विचारता त्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

"दुनियेतली एवढी मोठी कारागीर," नवरा म्हणाला, "आणि स्वतःच्या घरात..." पुढे त्याला हसू आवरेना. तिलाही आवरेना. दोघं दारात उभी राहून हसत होती, आणि दोघांना हसताना बघून सासूही हसायला लागली. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसली.

हसणं ओसरलं तसा तो हळूच म्हणाला, "बदलावं तर लागेल."

"हो. चहा घेते आणि बदलते."

चहा उकळेपर्यंत ऊन कललं. आणि पुन्हा टक् झालं.

नवरा ताडकन उठला. दारवालीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांबा. मी जाते."

"आणते म्हण. जाते काय?"

"जाऊन बघते तरी. रोज कुठं निघतात ते एकदा बघितलंय का आपण? आपण नेहमी परत आणायलाच गेलोय."

सासू अनवाणीच जिना उतरली होती. दारवाली चार पावलं मागे राहिली, हाक न मारता. म्हातारी भरकटत नव्हती. तिने डावीकडे वळण घेतलं, शिंप्याच्या दुकानावरून गेली, आणि मोठ्या रस्त्याला पोचली. गाड्या भरधाव होत्या. कडेला येताच दारवालीने पुढे होऊन तिचा दंड धरला. म्हातारीने वळून बघितलं. नजरेत ओळख नव्हती, पण भीतीही नव्हती.

"पलीकडे जायचंय का, बाई?" म्हातारीनेच विचारलं. "चला, मी नेते. गाड्या फार आहेत इथं."

दोघींनी एकमेकींना रस्ता ओलांडून नेलं. पलीकडे बसथांबा होता. तिथल्या खांबाला टेकून म्हातारी उभी राहिली आणि समाधानाने श्वास सोडला, जणू पोचायचं तिथं पोचली.

"कुणाची वाट बघताय?" दारवालीने विचारलं.

"सुनेची. आता येईल कामावरून. हातात ओझं असतं हो तिच्या. ही एवढी पिशवी, लोखंड भरलेलं. एक बंद मी धरते, एक ती. दोघींत वाटलं की ओझं राहत नाही."

खरंच होतं. पहिल्या वर्षी, ड्रिलच्या वजनाने तिचा खांदा उतरायचा तेव्हा, सासू या थांब्यावर यायची. मग दारवालीने चाकाची पिशवी घेतली, मग दुचाकी घेतली, आणि थांबा सुटला. तिच्या मनातून सुटला. म्हातारीच्या मनातून बाकी सगळं सुटलं, आणि तेवढाच राहिला.

"काय काम करते सून?" आवाज सांभाळत तिने विचारलं.

"दारं बसवते. विजेची."

"बाई असून?"

"बाई असून म्हणजे?" म्हातारी ताठ झाली. "जन्मभर दारं उघडते कोण, लावते कोण? बाईच ना? मग बसवली तिने, तर कुणाच्या पोटात का दुखावं? सगळ्या भावकीला हेच ऐकवलंय मी."

हे दारवालीला कधीच कळलं नव्हतं. भावकी एकाएकी गप्प झाली होती, एवढंच तिला माहीत होतं.

मागून कुणीतरी आलं. नवरा होता, हातात आईच्या चपला. किती ऐकलं कोण जाणे. तो खाली बसला आणि आईचे पाय एकेक करून चपलांत सरकवले.

"देव भलं करो," म्हातारी त्याला म्हणाली.

त्याने चपलेचा पट्टा नीट केला. मग वर न बघता म्हणाला, "त्या बटणाला घंटा जोडता येईल का गं? माझ्या उशाशी वाजेल अशी. झोपलो असलो तरी उठेन. येईन मी हिच्याबरोबर."

"येईल जोडता."

"रोज येईन."

बस आली. म्हातारीने टाचा उंचावल्या आणि उतरणाऱ्या एकेका बाईच्या हाताकडे ती बघू लागली. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात मूल. दारवालीने आपले रिकामे हात पाठीमागे घेतले. दार मिटलं, बस गेली.

"या गाडीला नाही आली," म्हातारी म्हणाली. "तुम्ही जा, बाई. तुमचीही कुणी घरी वाट बघत असेल."

"बघतंय," दारवाली म्हणाली, "पण तिला घाई नाही."

"मग थांबा थोडं. पुढच्या गाडीने येईलच."

दारवाली तिच्या शेजारी खांबाला टेकली, आणि ज्या बाजूने गाडी यायची तिकडे बघत उभी राहिली.