मागची नऊ पानं

सबिनानं पंखा बंद केला, खिडकीचं दार ओढून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून खोलीतल्या दोघांना बजावलं,

"आता दीड मिनिट कुणी हालायचं न्हाई. शिंक आली तर गिळायची."

दोघं म्हणजे गणपतराव पोतदार आणि त्यांची सून विमला. गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात पोतदारांच्या घराच्या माडीवर ही कामाची खोली. जमीन फळ्यांची, कुणी नुसती मांडी बदलली तरी स्टँडवरचा कॅमेरा थरथरायचा. गणपतराव भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर, शाळेतल्या पोरासारखे.

काळ्या मखमलीवर गळ्यातला साज मांडला होता. चंद्र, कमळ, कासव, मासा, भुंगा, बेलपान करत एकवीस पानं, एकेक करंगळीच्या नखाएवढं. सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख भरलेली आणि वर बारीक छिन्नीनं ओढलेल्या रेघा. गणपतराव ज्या सराफी पेढीला दागिने घडवून देत, तिच्या नव्या दालनात या साजाचा भिंतभर फोटो लागणार होता आणि खाली अक्षरं येणार होती: गणपतराव पोतदार यांच्या हातचा साज. साठ वर्षं त्यांनी दागिने घडवले, पण त्यांचं नाव आजवर कुठं लागलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते लागणार म्हणून आज त्यांनी सणासुदीचा कोट घातला होता. फोटो साजाचा होता हे त्यांना कुणी सांगायला गेलं नाही.

भिंतभर फोटो म्हणजे चेष्टा नव्हे. इतक्या जवळून फोटो काढला की फोकस केसाएवढ्या जाडीत बसतो. माशाचा डोळा स्वच्छ आला की शेपूट पुसट. म्हणून पुष्कळ फोटो काढायचे, दर वेळी फोकस जरासा मागे न्यायचा आणि मग लॅपटॉपवर प्रत्येकातला स्वच्छ भाग घेऊन एकच फोटो जुळवायचा. पेढीसाठी फोटो काढणारी सबिना आजवर हे हातानं करायची, आणि चाळिसाव्या फोटोला हात हमखास घात करायचा. नव्या कॅमेऱ्यानं ही कटकट संपवली होती. सर्वांत पुढच्या टोकावर फोकस द्यायचा, किती फोटो हवेत आणि दर वेळी किती मागे सरकायचं ते सांगायचं, की पुढचं सगळं तो आपला आपण करतो. सबिनाला त्याचं इतकं कौतुक होतं की ती भेटेल त्याला ते सांगत सुटायची.

"आपणहून फिरतंय व्हय?" गणपतरावांनी विचारलं.

"आपणहून. सत्तर फोटो काढतंय."

"आणि तू काय करतीस?"

"मी तुमाला गप बसवती."

म्हातारा खूश झाला आणि खरंच गप्प बसला. सबिनानं बटण दाबलं. आवाज काहीच नाही. पडद्यावरचा आकडा तेवढा वाढत होता. सत्तर झाले आणि तिघांनीही एकदम श्वास सोडला.

विमलानं उठून पंखा लावला, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि सबिनापुढं धरलं.

"उजवा हात," गणपतराव मान न वळवता म्हणाले.

पेला डाव्या हातातून उजव्या हातात गेला. विमला जन्माची डावखुरी. ती लग्न होऊन या घरात आल्याला बावीस वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं हे दोन शब्द रोज तिच्या कानावर पडत होते. ती रागावत नसे. रागावायचं असतं हेच विसरून गेली होती म्हणा ना.

फोटो जुळायला वेळ लागेल म्हटल्यावर गणपतराव कठडा धरून, पायानं पायरी चाचपत हातपाय धुवायला खाली गेले. डोळ्यांची दोन ऑपरेशनं होऊनही त्यांना समोरचं माणूस अंदाजानंच ओळखावं लागे. विचारलं तर म्हणत, दिसतंय की सगळं.

लॅपटॉपवर फोटो जुळला. सबिना एकेक पान मोठं करून तपासू लागली. पुढची बारा पानं स्वच्छ. मागची नऊही स्वच्छ. ती थांबली, पुन्हा पुढच्या पानांवर गेली, पुन्हा मागे आली.

"ताई, या मागच्या नऊ पानांवरच्या रेघा उलट्या का हायत? पुढच्या सगळ्या उजवीकडं कललेल्या, आणि ह्या डावीकडं."

विमलानं जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ती मी केल्यात."

दोन वर्षांपूर्वी मामांच्या रेघा भरकटू लागल्या. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. ते दुपारी जेवून आडवे झाले की बिघडलेलं पान ती डबीतून काढायची, त्याचं सोनं वितळवायची, ठशावर नवं पान उठवून लाख भरायची आणि त्यावर रेघा ओढायची. शिकवलं कुणीच नव्हतं. बावीस वर्षं शेगडी फुंकता फुंकता बघितलं होतं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी मामा पानावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, जमलं.

"उजव्या हातानं लई करून बघितलं," ती म्हणाली. "छिन्नी चालतच न्हाई त्या हातात."

"मग सांगायचं की त्यास्नी."

"त्यांचं ठरलेलं हाय. म्हणत्यात, माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागायची वेळ आली, की त्या दिवशी ऐरण उचलून ठेवणार. ऐरण गेली तर मामा दिवसभर करतील काय, सबिना?" तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मागचं जरा पुसट न्हाई का करता येणार?"

येणार होतं की. शेवटचे पंचवीस फोटो जुळणीतून वगळले की झालं. मागचं पुसट येतं म्हणून सबिनानं तीन वर्षं स्वतःला शिव्या घातल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी तेच मागत होतं. तिच्या जिवावर आलं. पण विमलाचा चेहरा बघून तिनं पुन्हा जुळणी लावली, पंचेचाळीस फोटोंची. विमला चहा टाकायला खाली गेली.

गणपतराव वर आले ते थेट लॅपटॉपपुढं बसले. नाक पडद्याला लागायचं तेवढं राहिलं.

"मागं धुकं कशाचं गं?"

"जरा मुद्दाम ठेवलंय, आजोबा. बघायला बरं दिसतंय."

"माझ्या डोळ्यात हाय तेवढं धुकं बास हाय. सगळं टिपतंय म्हणालतीस की. दाव सगळं."

सबिनाला खोटं नीट बोलता येत नसे. आणि एवढ्या वयाच्या माणसाला त्याचाच साज दाखवायला नाही कसं म्हणायचं? तिनं सत्तर फोटोंचा फोटो उघडला.

"मोठं कर. आणखी कर."

कासव पडद्यावर ताटाएवढं झालं. गणपतराव हलेनात. आपल्या साजावरच्या रेघा ते दोन वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. पुढचं पान. त्याच्या पुढचं. ते बोट फिरवतील तसा फोटो सबिना सरकवत होती. मागच्या नऊ पानांवर आल्यावर बोट थांबलं, पडद्यावरच्या एका रेघेवरून वरून खाली आलं, मग दुसऱ्या रेघेवरून. ती नऊ पानं त्यांनी दोनदा बघितली. मग हात मागे घेतला आणि कोपऱ्यातल्या ऐरणीकडे तोंड करून बसले.

सबिनाला वाटलं, झालं, आपण घालवलं सगळं.

"रेघ कुठं तुटलेली न्हाई," ते म्हणाले. "पार एका दमात ओढलीया."

"व्हय," सबिना म्हणाली. मग धीर करून तिनं विचारलं, "फोटोखाली नाव ठरलंय तेच घालायचं न्हवं?"

"ते मग सांगतो. च्या येऊ दे आधी."

जिना वाजला. विमला तीन कपांचा ट्रे घेऊन वर आली. उघडा लॅपटॉप आणि त्यावरचं तिनं घडवलेलं पान तिनं दारातूनच बघितलं. ट्रे खाली ठेवला. एक कप उचलून तिनं सासऱ्यांपुढं धरला, नेहमीसारखा, उजव्या हातानं.

गणपतरावांनी तो घेतला नाही.

"डाव्यानं दे," ते म्हणाले.