सरांची सत्काराची शाल

मी शाल बोलतेय, सत्काराची. माझ्यात लोकर किती, हे विचारू नका. सत्काराच्या शालीला असले प्रश्न विचारत नसतात.

पूर्णेच्या एका दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत पडून होते, तिथून भगवानरावांनी मला उचललं. भगवानराव म्हणजे गावातले हौशी सत्कार करणारे. कुणी पास होवो, कुणी रिटायर होवो, यांचा हार तयार. धम्मानंद सर फुटबॉलचे कोच म्हणून परदेशी निघाले, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर आले. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, मला बॅगेत भरलं. तिकडं थंडी असते म्हणे.

कसली थंडी! निघालं वाळवंट. सर उन्हात पोरांना पळवायचे, मी बॅगेत शिजायचे. क्लबच्या मालकाच्या भाच्याला गोलकीपर व्हायचं होतं. सरांनी त्याला बाहेर बसवलं, मालकानं सरांना घरी बसवलं.

सर मान खाली घालून पूर्णा स्टेशनावर उतरले, तर समोर बॅनर आणि बँडबाजा. परदेश गाजवून आलेल्या सरांचं म्हणे स्वागत! परदेशातून माणूस सुट्टीवरच येतो, अशी गावाची पक्की समजूत. ऐनवेळी शाल आणायची राहिली, म्हणून भगवानरावांनी ती रुख्मिणीबाईंकडंच मागितली. बाईंनी बॅगेतून मला काढून दिलं. स्वतःचीच शाल पांघरून सर हसत उभे राहिले. काय करतील बिचारे?

एवढा सत्कार झाल्यावर घरी बसायची सोय राहत नाही. लोक विचारू लागले, "सर, परत कधी जायलाव?" मग सर मिळेल त्या देशात गेले. दरवेळी नोकरी गेली, दरवेळी सत्कार झाला आणि दरवेळी शाल मीच. सत्कार मोठे होत गेले, तशा टीम लहान होत गेल्या.

एका डोंगराळ देशात मात्र मी खरंच कामाला आले. सर मला पांघरून बाकावर बसले होते आणि फोनवर लेकीची, संघप्रियाची, मॅच बघत होते. पूर्णेत रेल्वेच्या मैदानावर पोरींची टीम होती, कोच नव्हता. संघप्रियानं गोल मारला आणि सर माझ्यात तोंड खुपसून रडले. समोर त्यांची स्वतःची टीम हरत होती. तिथल्या मालकानं दोन्ही गोष्टी बघितल्या आणि सर पुन्हा पूर्णेला.

या खेपेला संघप्रिया स्टेशनावरच म्हणाली, "पप्पा, आता जाऊ नका. आमाला शिकवायला कुणी न्हाई."

सत्काराच्या स्टेजवर सरांनी माईक धरला. "मी सुट्टीवर न्हाई आलो. मला काढून टाकलंय. दरवेळी काढूनच टाकलंय. आता हितंच ऱ्हाणार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भगवानराव गहिवरले. एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही, असं म्हणत त्यांनी पुढच्या देशासाठी शुभेच्छाही देऊन टाकल्या.

विश्वास ठेवला एकट्या संघप्रियानं. तिनं सरांच्या खांद्यावरून मला ओढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी थेट मैदानात टाकलं. आता गोलपोस्टच्या एका बाजूला वीट, दुसऱ्या बाजूला मी. घर रुख्मिणीबाईंच्या शाळेच्या पगारावर चाललंय. सरांचा घसा बसलाय, पण झोप छान लागते म्हणतात. मी मळलेय, फाटलेय आणि लय खुशीत हाय.

काल भगवानराव मैदानाच्या कडेला येऊन शाल मागत होते. सरांचा नागरी सत्कार ठरलाय म्हणे.

भगवानराव, तुमच्या पाया पडते. हा माणूस मोठ्या मुश्किलीनं बेकार झालाय. त्याचा सत्कार करू नका.