दोन मोठी माणसं हवीत

पालकसभेत तिनं तोच प्रश्न विचारला, जो ती दर सहा महिन्यांनी विचारायची. स्काऊट पथकासाठी आणखी एक मोठं माणूस हवंय, दर शनिवारी दोन तास, कोण येईल? आणि दर सहा महिन्यांनी व्हायचं तेच झालं. एका वडिलांनी बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. एक आई न वाजलेला फोन कानाला लावून बाहेर गेली. एका काकांनी उभं राहून तिचं तोंड भरून कौतुक केलं, तुमच्यामुळे आमची मुलं वळणावर आहेत म्हणाले, आणि टाळ्या संपायच्या आत आपली मोटर काढून निघूनसुद्धा गेले. नुसत्या कौतुकानं हॉल झाडून निघाला असता, तर तिची कधीच तक्रार नव्हती.

नियम साधा होता. रीतसर प्रशिक्षण घेतलेली दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय पथक भरवायचं नाही. एक ती स्वतः. दुसरं माणूसही होतं, आणि तेच तर दुखणं होतं, कारण ते माणूस म्हणजे तिचा पूर्वीचा नवरा.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. केसाएवढा फरक राहिला तर समोरचा माणूस जेवताना रडतो, हे माहीत असल्यामुळे तिला सगळ्याच बाबतीत काटेकोरपणाची सवय लागली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पथक तिनं सुरू केलं होतं. नवीन लग्न झालेलं असताना तिला खूश करायला तोही त्यात आला. पुढे सात वर्षांनी दोघं वेगळे झाले. मूल नव्हतं, त्यामुळे वाटण्या सोप्या झाल्या. घर त्याच्या वडिलांचं, ते त्याच्याकडे राहिलं. ती आपल्या आईकडे राहायला आली. राहता राहिलं पथक. तो आपणहून सोडेल असं तिनं गृहीत धरलं होतं. त्यानं सोडलं नाही. तिनं तर तेव्हा सोडायचा प्रश्नच नव्हता. वर तंबू, दोर, पातेली सगळं अजून त्याच्याच घरामागच्या खोलीत पडलेलं, त्यामुळे एक खुंटी लागली तरी त्याला फोन करावा लागायचा.

"नवरा सुटला, पण पथक काही सुटलं नाही," तिची आई म्हणायची.

मुलांसमोर दोघं एकमेकांना 'सर' आणि 'ताई' म्हणत आणि अहोजाहो करत. मुलांना सगळं ठाऊक होतं, पण तीही बिचारी सांभाळून घेत.

त्याचा राग करायचा तर तीही सोय नव्हती. मुलं गाठी मारायला बसली, खेळ रंगात आला, की हटकून त्याचा फोन वाजायचा. कुठेतरी लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलेलं असायचं. जाऊ नको म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? तो "आलोच" म्हणून जायचा आणि हॉल बंद करायच्या वेळेला परत यायचा. तोवर ती एकटी बावीस पोरांना घेऊन, नियम मोडून, वरिष्ठांपैकी कुणी आज इकडे फिरकू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलेली.

म्हणून एका शनिवारी पोहायला शिकवणारी एक बाई हॉलच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला पथकात काम करायला आवडेल म्हणाली, तेव्हा तिला आधी ते खरंच वाटेना. बाईनं प्रशिक्षणाचा पहिला टप्पा आपला आपण पूर्णही केला होता. आवाज असा, की हॉलच्या त्या टोकाची मुलंसुद्धा गप्प व्हावीत. गळ्यात सदैव शिट्टी. दोन आठवड्यांत मुलांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं आणि तिनं ते हसत मान्य केलं.

शिट्टीबाई वेळेच्या आधी यायची. खुर्च्या मांडायची, नंतर उचलायची. कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे हे तिनं तोंडपाठ केलं. ताईला वर्षानुवर्षांनी खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ओझं उतरलं की माणसाची जीभ सैल होते. मुलं गेल्यावर दोघी हॉलच्या छोट्या स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत उभ्या राहत, आणि ताई शिट्टीबाईला पथकाचं सगळं समजावून सांगे. त्यात सरही आलेच. ते आपले पूर्वीचे यजमान, हेही तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मग म्हणाली, त्यांच्यावर विसंबून कधी काही ठरवायचं नाही. वेळेवर कधी येत नाहीत, 'करतो' म्हणाले म्हणजे करणार नाहीत, 'केलं' म्हणाले तर जाऊन बघायचं. कठीण गोष्ट बोलायची वेळ आली की ताकास तूर लागू देत नाहीत. घोंगडं भिजत ठेवतात आणि आपोआप वाळेल म्हणून वाट बघतात. माणूस वाईट नाही, पण वैताग आहे.

शिट्टीबाई मन लावून ऐकायची. मधूनच एखादा नेमका प्रश्न विचारायची. आजारी असले तर कसे वागतात? रागावतात का? बोललेलं मनात धरून ठेवतात का? पथकाच्या कामाला हे कशाला लागतं, असं ताईच्या मनात एकदा येऊन गेलं. पण इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत असलं, तर कोण थांबतं?

शिबिर तळ्याकाठच्या मैदानावर होतं, शनिवार-रविवारचं. सरांना दोनच कामं दिली होती. तंबूंचं सामान आणायचं, आणि त्या दोन दिवसांची ड्यूटी दुसऱ्या मेकॅनिकशी बदलून घ्यायची. ताईनं आठवडाभर आधी विचारलं, तेव्हा ते "झालंच समज" म्हणाले होते.

मैदानावर पिशव्या सोडल्या तर मोठ्या तंबूचे खांबच नव्हते. त्या पिशवीऐवजी तशीच दिसणारी दुसरी पिशवी आली होती आणि तिच्यात जुने पडदे निघाले. पडदे ताईनं स्वतः लग्नानंतर शिवलेले. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. सर म्हणाले, "रंग सेम आहे ना पिशव्यांचा." तिनं पिशवीचं तोंड पुन्हा आवळलं. मुलं समोर होती.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता ते उठून उभे राहिले, पँटची माती झटकली आणि म्हणाले की एक बाई लहान मुलासकट लिफ्टमध्ये अडकली आहे, जावं लागेल, आलोच.

शिट्टीबाई खुंटी ठोकत होती. तिनं हातोडी खाली ठेवली.

"तू ड्यूटी बदलून घेतलीच नाहीस," ती म्हणाली. "माझ्यासमोर फोन करतो म्हणालास, आणि केला नाहीस. हो ना?"

आवाज चढलेला नव्हता. उलट, त्या दणदणीत आवाजाच्या बाईचा इतका हळू आवाज तिथे कुणीच ऐकला नव्हता. पण दोन महिने 'सर, तुम्ही' म्हणणारी बाई 'तू' म्हणाली होती, आणि तो नुसता तूसुद्धा नव्हता. दमलेला, आधीच उत्तर माहीत असलेला तू. तो सूर ताईच्या ओळखीचा होता. सात वर्षं तो तिचाच होता.

ताईनं आधी शिट्टीबाईकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याचा चेहरा लाल झाला.

"सांगणारच होतो मी," तो म्हणाला. दोघींपैकी कुणाला म्हणाला ते कळलं नाही; दोघींनाही लागू पडत होतं. मग तो गेला. बाई आणि मूल खरंच अडकलेली होती, त्याला अडवणार तरी कोण?

राग यायलाही सवड लागते. ती नव्हती. आकाश भरून आलं होतं, मुलं उघड्यावर होती आणि खांब नव्हते. ताईनं दोन झाडांमध्ये दोर ताणला. शिट्टीबाई तंबूचं कापड घेऊन दुसऱ्या टोकाला गेली. कामापुरतंच बोलणं झालं: ओढा, सोडा, अजून थोडं. थोरल्या मुलींच्या संघनायिकेनं एकदा दोघींकडे पाहिलं आणि कुणी काही न सांगता धाकट्यांना लाकडं गोळा करायला घेऊन गेली. ती पोर मोठेपणी कुणाच्याही घरी नांदेल, ताईच्या मनात आलं, आणि या विचाराचाही तिला राग आला.

जेवणं उरकल्यावर, उजेड होता तोवर, दोघी पातेली घेऊन नळावर बसल्या. पहिलं पातेलं घासून पालथं घातलं.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

शिट्टीबाईनं सांगितलं. वर्ष होत आलं. ती पोहण्याच्या तलावाच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये अडकली होती, आणि यानं येऊन बाहेर काढलं. शनिवारची दुपार होती. ताईला ती दुपार आठवली. त्या दिवशी एका मुलाच्या गुडघ्याला लागलं होतं, दोघं मारामारी करत होते आणि ती हॉलमध्ये एकटी होती. म्हणजे यांचं जुळत होतं तेव्हा इकडे तिच्या नाकी नऊ आले होते.

"आम्ही लग्न करतोय," शिट्टीबाई म्हणाली. "मी पथकात यायच्या आधी त्याला बजावलं होतं की ताईंना सांग, नाहीतर मी येणार नाही. तो म्हणाला, सांगितलं. तिची काही हरकत नाही, उलट बरं वाटलं तिला."

ताईच्या हातातलं पातेलं थांबलं. "मग मी त्याच्याबद्दल जे काही बोलत होते, एवढे आठवडे..."

"मला वाटलं, तुम्ही मला सावध करताय." शिट्टीबाईचा चेहरा उतरला होता. "मला वाटायचं, किती मोठ्या मनाची बाई आहे. स्वतःहून सगळं सांगतेय, कडवटपणा नाही, काही नाही. मी घरी जाऊन आईलासुद्धा सांगितलं."

ताईला हसू आलं. ते तिला नको होतं. रागवायचा हक्क पुरेपूर तिच्या बाजूचा असताना हसू येणं हा शुद्ध अन्याय होता. पण ते आलं, आणि मग शिट्टीबाईलाही आलं, आणि ते संपल्यावर ताईच्या डोळ्यांत पाणी होतं ते कशाचं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"'केलं' म्हणाला तर जाऊन बघायचं," शिट्टीबाई हळूच म्हणाली. "हे तुम्ही मला तिसऱ्या आठवड्यात सांगितलंत. पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. बरोबर तंबूचे खांब आणि पावाचे मोठाले पुडे. बाई आणि मूल सुखरूप बाहेर आली होती, पण मग दुसऱ्या इमारतीतून फोन आला, म्हणून रात्री यायला जमलं नाही. शिबिर संपायला तीन तास उरले होते. खांबांचा उपयोग शून्य. ताई त्याला तळ्याच्या कडेला घेऊन गेली. रात्रभर तंबूत पडल्या पडल्या तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. ती म्हणाली, नियमाला दोन मोठी माणसं लागतात आणि ती आता आहेत. तू पथक सोड. सामान हॉलवर आणून टाक.

तो गप्प राहील, नाहीतर बरं म्हणून निसटेल, अशी तिची खात्री होती.

"नाही सोडणार," तो म्हणाला. "चुकलो मी. तुला सांगायला हवं होतं, तिच्याशी खोटं बोलायला नको होतं. पण पथक नाही सोडणार. लिफ्टमधून माणसं काढतो, ती मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. ही पोरं पुढच्या शनिवारी परत येतात. तुझ्यासाठी आलो होतो मी पथकात, कबूल. पण राहिलो तो तुझ्यासाठी नाही."

हे त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं. सात वर्षांच्या संसारात नाही आणि नंतरही नाही. तिचा संताप झाला, कारण ते खरं होतं. एकदा तरी वेळेवर बोलला असता, तर किती भांडणं वाचली असती. बोलायचं शहाणपण याला सुचलं, तेही तळ्याकाठी, सगळं होऊन गेल्यावर.

"मग ड्यूटी बदलून घ्यायची," ती म्हणाली. "दर शनिवारी. माझ्यासमोर फोन करून. आत्ता."

त्यानं तिथेच, तिच्यासमोर, साहेबांना फोन केला. साहेबांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सामान हॉलवर आलं. पडदे त्यानं परत नेले, की नको असलेल्या वस्तूंत टाकले, हे तिनं विचारलं नाही. आईला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता तूच सोड ना. आता तर सुटता येईल." ते खरंही होतं. दोन वर्षं तिला नेमकं हेच हवं होतं, कुणीतरी भरवशाचं, म्हणजे आपल्याला सुटता येईल. आता माणूस मिळालं होतं, आणि ते मिळालं होतं अशा रीतीनं, की आता सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, सवत आली म्हणून पळाली. तेवढ्यासाठी तरी राहणं भाग होतं. आणखीही कारणं होती, पण ती कुणाला सांगायची तिला गरज वाटली नाही.

महिनाभरानं चहाचे कप विसळताना शिट्टीबाईनं लग्नाची तारीख सांगितली. नोंदणी कार्यालयात, साधंच, मोजकी माणसं. ताईनं मनातल्या मनात वार काढला.

"तो शनिवार आहे," ती म्हणाली.

शिट्टीबाईनं डोळे मिटून घेतले. "तारीख त्यानं ठरवली."

"तुम्ही दोघं तिकडे गेलात, तर इकडे मी एकटी. पथक बंद ठेवावं लागेल. त्याच दिवशी धाकट्यांचा स्काऊटचं वचन घ्यायचा कार्यक्रम आहे. त्यांचे आजी-आजोबा येणार आहेत."

शिट्टीबाईनं ओले हात पुसले आणि हॉलमध्ये गेली. तिथे तो मुलांना दुहेरी गाठ शिकवत होता. ती त्याच्या कानात काहीतरी बोलली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. कार्यालयात त्या शनिवारी दुसरी वेळ शिल्लक नव्हती आणि रविवारी तर ते बंदच, म्हणून शेवटी लग्न सोमवारी सकाळी ठरलं. दोघांनाही त्यासाठी वेगळी रजा काढावी लागली.

ताई लग्नाला गेली नाही. बोलावणं दोघांनीही मनापासून केलं होतं, पण तेवढ्या मोठ्या मनाची आपण खरोखर नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि शिट्टीबाईला तिनं तसं सांगितलंही. त्या दिवशी ती लॅबमध्ये होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरची कवळी तिसऱ्यांदा घासायला आली होती.

संध्याकाळी शिट्टीबाईचा फोन आला. सगळं नीट पार पडलं, पथकातल्या मुलांनी दारात दोर ताणून अडवलं, फोटो पाठवते, वगैरे. फोन ठेवल्यावर आईनं जवळ येऊन विचारलं, वाईट वाटतंय का?

"वाटतंय," ती म्हणाली. "एवढी वर्षं पथकाला एकदा वेळेवर आला नाही. आज म्हणे अर्धा तास आधी जाऊन दारात उभा होता."