आखूड दोरी

धुलाई-इस्त्रीच्या त्या दुकानामागे दोन दोऱ्या होत्या. लांब दोरीवर गिऱ्हाइकांच्या चादरी आणि घरच्यांचे कपडे वाळायचे. संडासाच्या भिंतीलगतच्या आखूड दोरीवर फक्त सुनेचे. तिच्या अंगावरून जाऊ लागलं, ओटीपोट दुखू लागलं, तेव्हापासून सासूने तिचा टॉवेल, बादली, सगळं वेगळं काढलं होतं. "चादरींचा धंदा आपला. बाहेर कळलं तर गिऱ्हाईक फिरकेल का?" सासू म्हणे. जगाचे डाग काढणाऱ्या या घराने घरच्या सुनेलाच डाग ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "याला क्लॅमिडिया म्हणतात. शरीरसंबंधातून लागतो, टॉवेल-बादलीतून नाही. गोळ्या पूर्ण घेतल्या की बरा होतो. पण नवऱ्यालाही आणा. पुरुषांना पुष्कळदा काहीच जाणवत नाही. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत जवळ यायचं नाही. दुखणं अंगावर काढलंत तर पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते."

तिने घरी येऊन सांगितलेलं हे नवऱ्याने इस्त्री फिरवता फिरवता ऐकलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणाला, आणि विषय संपला.

सुनेने गोळ्या घेतल्या. पाकीट लवकर संपलं, तेव्हा औषधवाल्यानेच कमी दिल्या असतील असं तिला वाटलं. दुखणं पुन्हा उलटलं. "बाईच तशी असेल, त्याला औषध काय करणार?" असं सासू शेजारणीला सांगताना तिने ऐकलं. माहेरी जाऊन सांगावं तरी काय? ती पुन्हा गोळ्या घेऊन आली.

खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात टाकायचा नाही, ही त्या घराची शिस्त. त्या सकाळी नवऱ्याच्या पँटच्या खिशात तिला कात्रीने कापलेला गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा सापडला. तिच्याच पाकिटातला.

"लघवीला जळजळ होत होती," तो खाली बघत म्हणाला. "दवाखान्यात जायची लाज वाटली. म्हटलं, निम्म्या निम्म्या घेऊ."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि मी त्या भिंतीपाशी कपडे वाळवत होते?" तिचा आवाज चढला नाही. "निम्म्यानं ना तुम्ही बरे झालात, ना मी."

ती मागे गेली. लांब दोरीवरचा त्याचा टॉवेल काढून तिने आखूड दोरीवर टाकला. "आई, रोग टॉवेलानं लागत नाही. पण नियम तुमचा आहे, तर तो दोघांनाही."

सासूने सगळं ऐकलं होतं. तरीही ती उठली आणि मुलाचा टॉवेल तेवढा परत लांब दोरीवर टाकून आली. सुनेचा तिथेच राहिला.

मग सुनेने आपला टॉवेल खांद्यावर घेतला आणि आखूड दोरीची गाठ सोडायला घेतली.

"मी आता दवाखान्यात निघालेय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही येणार नसाल तर आजपासून अंथरूण वेगळं."

त्याने इस्त्रीची वायर काढली आणि चपला शोधू लागला.

"अगं, दोरी काय सोडतेस?" सासू म्हणाली. "तुझे कपडे कुठे वाळत घालशील?"

"यांच्या शेजारी," सून म्हणाली.