चाळीस हजार वेळा ऐकलेलं गाणं

अकरा वाजता तिचं लाइव्ह होतं आणि साडेनऊला मेल आला.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची आणि घरी आली की गाणी करायची. शब्द तिचे, चाल तिची, गिटारही तीच वाजवायची. पाठीशी ना कुठली मोठी कंपनी, ना कुणाचा वशिला. तीन वर्षं एकेक गाणं नेटवर टाकत तिने दीडशे माणसं जोडली होती. एका वेबसाइटवरून ही माणसं तिला दर महिन्याला थोडे थोडे पैसे पाठवायची. ती त्यांना कच्ची गाणी सगळ्यांच्या आधी ऐकवायची, पत्रांना उत्तरं द्यायची. त्यांच्याच जिवावर पहिला अल्बम तयार झाला होता आणि आज रविवारी तो त्यांच्यासमोर वाजणार होता.

त्यातलं एक गाणं तिने आधीच बाहेर काढलं होतं. एरवी हजाराचा आकडा गाठताना नाकी नऊ यायचे. हे गाणं चार दिवसांत चाळीस हजार वेळा ऐकलं गेलं. पोरगी हवेतच होती. बुधवारी तिने हा आकडा सगळ्यांना कळवला, आणि तो वाचून आणखी साठ जण तिला पैसे पाठवू लागले.

मेल होता तिची गाणी सगळ्या ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीचा. ‘तुमचं गाणं माणसांनी नव्हे, यंत्रांनी वाजवल्याचं आढळलं आहे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत समाधानकारक खुलासा न मिळाल्यास तुमची सर्व गाणी काढून टाकण्यात येतील.’

तिने गाण्याची आकडेवारी उघडली. जवळपास सगळ्यांनी एकतीस सेकंद ऐकून गाणं सोडून दिलं होतं. तीस सेकंद झाल्यावरच ‘ऐकलं’ म्हणून मोजणी होते, हे तिला माहीत होतं. सगळे एकाच शहरातले, आणि ते शहर तिने नकाशातही पाहिलेलं नव्हतं. चाळीस हजारांत एकालाही ‘छान’ एवढं दोन अक्षरी लिहावंसं वाटलं नव्हतं. हे बुधवारीच कसं दिसलं नाही? दिसलं नाही, कारण तिने पाहिलंच नव्हतं.

तिचा दादा स्टुलावर उभा राहून दिवा बसवत होता. दादा सामान पोचवायची गाडी चालवायचा, पण रविवार बहिणीचा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगण्यापासून सगळं तोच करायचा.

“दादा, हे वाच जरा.”

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. फोन परत दिला आणि दिव्याचा स्क्रू आवळू लागला.

तिथेच तिला शंका आली. कुणी गाडी आडवी लावली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस, आणि आता तोंडातून चकार शब्द नाही! स्क्रू तर मघाशीच आवळून झाला होता.

“दादा, खाली उतर.”

“थांब गं, हे एवढं...”

“उतर आधी.”

तो उतरला. “मला एकाचा मेसेज आला होता,” तो गोधडीकडे बघत म्हणाला. “प्रमोशन करतो म्हणाला. खरे श्रोते मिळतील, गॅरंटी. मी दिले पैसे.”

“तुला खरंच वाटलं की खरे श्रोते आहेत?”

“पहिल्या दिवशी वाटलं. एका रात्रीत दहा हजार झाले, तेव्हा कळलं. पण तू एवढी खूश होतीस, चिमे. कामावर सगळे विचारतात, बहीण गाते म्हणतोस, ऐकतं कोण? म्हटलं, एकदा आकडा दिसला की लोक आपोआप येतील.”

“आले ना! साठ जण आले. खोटं ऐकून आले.”

“त्यांना कुठे कळणार आहे? कंपनीला लिही, कुणीतरी खोडसाळपणा केला. आज काही बोलू नकोस. एवढं ऐक माझं.”

तिला ओरडायचं होतं, पण लाइव्हसाठी गळा जपायला हवा होता. या विचाराचाच तिला संताप आला. घड्याळात पावणेअकरा. ती गिटार जुळवू लागली आणि तार चढवता चढवता तुटली. तिने नवी तार घातली.

अकराला तिने फोन सुरू केला. एकशे ऐंशी जण हजर होते. ‘चाळीस हजार! अभिनंदन!’ नुसतं अभिनंदनच ओघळत होतं.

“गाणं नंतर,” ती म्हणाली. “तो आकडा खोटा आहे. ते श्रोते आमच्यातल्याच एकाने विकत घेतले होते. मला आज कळलं, पण तुम्हाला फुशारकीने सांगितलं मीच. तो आकडा बघून जे आले, त्यांनी पैसे परत मागावेत, मी देईन.”

अभिनंदन थांबलं. एकशे ऐंशीचे एकशे चाळीस झाले, मग सव्वाशे. कुणीतरी लिहिलं, ‘आमच्यातल्या म्हणजे कुणी?’

दादाचं नाव ती घेणार नव्हती. तेवढ्यात स्टूल सरकलं आणि दादा तिच्या शेजारी येऊन वाकला. त्याचं अर्धंच तोंड फोनमध्ये दिसत होतं.

“मी केलं,” तो म्हणाला. “मी भाऊ. तिला माहीत नव्हतं. शिव्या मला घाला.”

काहींनी घातल्या. एका बाईंनी लिहिलं, ‘आता गा बाई, मला कामावर जायचंय.’ ती गायली. पहिल्या गाण्यात दोनदा सूर हलला. तिसऱ्यापर्यंत आवाज जागेवर आला.

खुलासा तिने जसा घडला तसाच लिहिला. कंपनीने ऐकलं नाही. मंगळवारी सगळी गाणी गेली, तीन वर्षांचं काम एका सकाळी. साठांपैकी एकेचाळीस जणांनी पैसे परत घेतले, जुन्यांतलेही नऊ सुटले. उरलेल्यांना तिने अल्बम थेट मेलने पाठवला. बरंच भांडल्यावर दीड महिन्याने बाकीची गाणी परत आली. ते एक गाणं मात्र कायमचं बाद झालं.

त्या लाइव्हनंतर दादाशी ती आठवडाभर बोलली नाही. मग पुढच्या रविवारी तोच दारात येऊन उभा राहिला. “काहीतरी काम सांग.”

“पत्रं आलीत सत्तर. अल्बम ऐकून लिहिलंय लोकांनी. एकेकाला उत्तर दे. सगळ्यांना एकच छापील उत्तर चालणार नाही.”

तो बसला. अर्ध्या तासाने आतून फणकारा ऐकू आला. “हा कोण टिकोजीराव? पाचवं गाणं रटाळ म्हणतोय! काय लिहू याला?”

“लिही, बरोबर आहे. आणि विचार, नेमकं कुठे कंटाळा आला?”